संध्याकाळीच मिणमिणणारा चार्जिंगचा लाल दिवा: जुन्या डिझेल गाडीतला लपलेला दोष कसा पकडावा?

घोडबंदर ते तुर्भे

या मंचावरील सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची सात आसनी डिझेल गाडी आहे. इंजिन जुन्या पद्धतीचे, यांत्रिक इंधनपंपाचे आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून घेतले आहे आणि गाडी आजही रोज चालते. मानपाड्याहून कापूरबावडी, कळवा पूल, विटावा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे असा माझा रोजचा मार्ग आहे.

जूनपासून एक दोष छळतो आहे. सकाळी जाताना सर्व ठीक असते. संध्याकाळी परतताना, बहुधा विटाव्याच्या रेल्वेपुलाजवळच्या कोंडीत गाडी पावला-पावलाने सरकत असताना, मीटरजवळचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणू लागतो. किल्ली फिरवल्यावर जसा लख्ख पेटतो तसा तो पेटत नाही; राखेखालच्या निखाऱ्याइतकाच उजेड दिसतो. कधी दहा मिनिटांनी विझतो, कधी घरी पोचेपर्यंत तसाच राहतो, आणि कधी सलग तीन-चार दिवस दिसतच नाही. आठवड्यातून एखाद्या सकाळी मात्र बॅटरी इतकी उतरलेली असते की स्टार्टर नुसता खटखट वाजतो आणि शेजाऱ्यांच्या गाडीवरून तारा जोडून इंजिन चालू करावे लागते.

आतापर्यंत केलेले उपाय सांगतो. बॅटरी चार वर्षांची होती म्हणून नवी घेतली. एका इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) उतरवून त्यातले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) आणि रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) बदलला. महिन्याभराने दुसऱ्याने त्यातली डायोड प्लेट (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बदलली. दोन्ही वेळा साधारण आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. गाडी दुकानात नेली की मीटर १४.२ व्होल्ट दाखवतो आणि 'चार्जिंग उत्तम आहे' असे सांगितले जाते. एका ठिकाणी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहिले. इंजिन बंद पडले नाही, म्हणून अल्टरनेटर निर्दोष ठरवला गेला. बॅटरीसकट सोळा हजारांच्या आसपास खर्च झाला आहे. मे महिन्यात स्टार्टर मोटर उतरवून तिचे बुश आणि कार्बन बदलले होते. त्याचा या दोषाशी संबंध नसावा, पण माहिती अपुरी राहू नये म्हणून नमूद करतो.

जो दोष दुकानात कधी दिसतच नाही, तो शोधायचा कसा, हा माझा प्रश्न आहे. यापुढे अंदाजाने आणखी एखादा भाग बदलण्याची माझी तयारी नाही.

नेरूळ पश्चिम

प्रथम बेल्ट पाहून घ्यावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पाणी पुलीवर उडते आणि सैल किंवा चकाकी आलेला बेल्ट घसरू लागतो. घसरणारा बेल्ट बहुधा किंचाळतो, त्यामुळे तसा आवाज आपल्याला येतो का, हे कळवावे. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने जोर दिला असता बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याहून फार अधिक दबत असेल तर तो ताणून घ्यावा लागेल.

हे गांभीर्याने सांगण्याचे आणखी एक कारण आहे. या पिढीतल्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच दांड्यावर मागच्या बाजूला बसवलेला असतो. आपल्या गाडीतही तशी रचना असेल तर बेल्ट तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकला मिळणारी मदतही जाते आणि पेडल दगडासारखे कठीण होते. म्हणून दोष कुठलाही निघो, बेल्टची पाहणी आजच करावी.

पनवेल डिझेल

वरील प्रतिसादात व्हॅक्यूम पंपाचा उल्लेख आला आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. त्या पंपाला इंजिनातून तेलाचा पुरवठा होतो. माझ्या गाडीत पंप आणि अल्टरनेटर यांच्यामधले सील झिजले आणि तेल आत झिरपू लागले. कार्बनची भुकटी आणि तेल यांचा काळा चिकट लगदा होऊन कार्बन आपल्या खाचेत अडकत असत, त्यामुळे ते रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, तांब्याच्या कड्यांना कधी टेकत आणि कधी टेकत नसत. कार्बन बदलले की महिनाभर सुरळीत चाले आणि पुन्हा तक्रार सुरू होई, कारण मूळ गळती तशीच होती. सील बदलल्यावर प्रश्न मिटला.

मात्र एक फरक मला जाणवतो. माझा दिवा मिणमिणत नसे. तो लख्ख पेटे आणि इंजिनला रेस दिली की बहुधा विझे. आपला अल्टरनेटर खालच्या बाजूने तेलकट आहे का, एवढे बोट फिरवून पाहावे.

चोवीस व्होल्ट

बसगाड्यांच्या कार्यशाळेत विजेच्या विभागात मी तीस वर्षे काम केले. तिथे सगळा कारभार चोवीस व्होल्टचा, परंतु तत्त्व तेच आहे. आपण लक्षणे बारकाईने लिहिली आहेत आणि माझ्या मते उत्तराचा मोठा भाग त्या मिणमिणत्या दिव्यातच आहे. म्हणून तो दिवा नेमके काय सांगतो, ते आधी पाहू.

बॅटरीच्या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमधून बॅटरीच्या धन बाजूला जाते. दुसरे टोक अल्टरनेटरच्या मागे असलेल्या बारीक तारेला जोडलेले असते. तिथे बहुधा 'डी प्लस' किंवा 'एल' अशी खूण असते. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून बंद आहे, तेव्हा बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यातून रोटरच्या गुंडाळीत जातो, दिवा लख्ख पेटतो आणि त्याच प्रवाहाने रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व मिळते. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज निर्माण करू लागला की 'डी प्लस'चा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, बॅटरीइतकाच होतो. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट आल्यामुळे तो विझतो. म्हणजे हा दिवा चार्जिंग मोजत नाही. तो आपल्या दोन टोकांमधला फरक दाखवतो. फरक बारा व्होल्टांचा असेल तर लख्ख पेटेल, दीड-दोन व्होल्टांचा असेल तर मिणमिणेल आणि अर्ध्या व्होल्टाचा असेल तर आपल्याला काहीच दिसणार नाही.

यातली एक बाब अनेक जाणत्या कारागिरांच्याही नजरेतून सुटते. कोणती बाजू वरचढ आहे, हे दिवा सांगत नाही. अल्टरनेटर कमी पडला आणि बॅटरीची बाजू वर राहिली तरी तो पेटेल. अल्टरनेटर उत्तम चालला पण त्याची वीज बॅटरीपर्यंत पोचलीच नाही, तर 'डी प्लस'ची बाजू वर राहील आणि प्रवाह उलट्या दिशेने जाऊन तोच दिवा तसाच मिणमिणेल. आपल्याकडे सर्वांनी पहिलीच शक्यता गृहीत धरली आणि अल्टरनेटर दोनदा उघडला. मला दुसरी शक्यता अधिक सबळ वाटते.

कारण असे की दोष बहुतेक संध्याकाळी दिसतो. संध्याकाळी पुढचे दोन दिवे लागतात, म्हणजे ११० वॅट, अर्थात आठ-नऊ अँपियर. पावसात वायपर चार-पाच अँपियर घेतो. काचा धुरकटू नयेत म्हणून ब्लोअर जोरात चालवला जातो. त्याचे दहा-बारा अँपियर. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, एसीचा क्लच आणि पंखा धरले तर ही बेरीज सहज ३५ ते ४० अँपियरपर्यंत जाते. वाटेतल्या एखाद्या जोडात अवघा ०.०५ ओहम रोध असला, तर सकाळच्या पाच-सहा अँपियरला तिथे पाव व्होल्टच पडेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. संध्याकाळी त्याच जोडात दीड-दोन व्होल्ट पडतील. दुकानात दुपारी, दिवे-ब्लोअर बंद ठेवून, अल्टरनेटरजवळ मीटर धरला तर १४.२ दिसणारच.

कोंडीत आयडलिंगवर, म्हणजे इंजिन नुसते मंद चालत असताना, अल्टरनेटरची क्षमताच कमी होते, हेही खरे आहे. परंतु केवळ क्षमता कमी पडली तर 'डी प्लस' आणि बॅटरी दोन्हींचे व्होल्ट बरोबरीने खाली येतात आणि दिवा विझलेलाच राहतो. म्हणून नुसत्या आयडलिंगवर ठपका ठेवता येणार नाही.

आणखी दोन संशयित आहेत, तेही सांगतो. अल्टरनेटरमधल्या, रोटरला वीज देणाऱ्या छोट्या फील्ड डायोडांपैकी एखादा तुटला तरी दिवा मिणमिणतो. पण आपण डायोड प्लेट बदललेली आहे. दिव्याला वीज देणाऱ्या फ्यूजमध्ये किंवा इग्निशन स्विचच्या घासलेल्या संपर्कात व्होल्ट पडत असतील तरीही दिवा मिणमिणतो. पण तशा स्थितीत बॅटरी नीट भरत राहिली असती. आपली बॅटरी तर सकाळी उतरलेली असते. म्हणून अल्टरनेटरचा जाड 'बी प्लस' खिळा (वीज बाहेर नेणारी केबल जिथे बसते तो आट्यांचा खिळा) ते बॅटरीची धन बाजू, आणि अल्टरनेटरचे अंग (धातूचे कवच) ते बॅटरीची ऋण बाजू, या दोन वाटा मोजायला हव्यात.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची पद्धत मात्र कृपया पुन्हा कोणालाही करू देऊ नये. डायनामोच्या काळापासून ती हातात बसली आहे. अल्टरनेटर भाराखाली असताना बॅटरी अचानक सुटली तर काही क्षण व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, गाडीतले इतर इलेक्ट्रॉनिक भाग त्यात जळू शकतात. शिवाय आपल्या गाडीच्या बाबतीत त्या परीक्षेला अर्थच नव्हता, कारण यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. अल्टरनेटर पूर्ण निकामी असता तरी ते बहुधा चालूच राहिले असते.

आता तीन गोष्टी कळवाव्यात. दिवा मिणमिणत असताना ब्लोअर आणि दिवे क्षणभर बंद केले तर तो विझतो का? रेस दिल्यावर तो मंद होतो की अधिक उजळतो? आणि बॅटरी भरलेली असताना स्टार्टर जोमाने फिरतो का?

घोडबंदर ते तुर्भे

सर्वांचे मनापासून आभार. बेल्ट या वर्षीचाच आहे, ताण योग्य आहे आणि आवाज येत नाही. व्हॅक्यूम पंप सांगितल्याप्रमाणे अल्टरनेटरच्याच मागे आहे. तिथे बोट फिरवले, भाग कोरडा आहे.

विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे अशी. काल रात्री ऐरोलीच्या पुढे दिवा मिणमिणू लागला. गाडी बाजूला सुरक्षित उभी करून ब्लोअर आणि पुढचे दिवे बंद केले, तेव्हा तो जवळजवळ दिसेनासा झाला. चालू करताच पुन्हा दिसला. रेस दिल्यावर तो विझला नाही, उलट किंचित उजळला, आणि या गोष्टीचे मला फार आश्चर्य वाटले. बॅटरी भरलेली असली की स्टार्टर अतिशय जोमात फिरतो.

चोवीस व्होल्ट

रेस दिल्यावर उजळला, ही मोलाची नोंद आहे. अल्टरनेटर दुबळा असता तर वेग वाढल्यावर दिवा मंद व्हायला हवा होता. वेग वाढल्यावर अल्टरनेटर अधिक अँपियर ढकलू लागला, अडलेल्या जोडात अधिक व्होल्ट पडले आणि फरक वाढला, असाच याचा अर्थ मी लावतो.

स्टार्टर जोमात फिरतो, म्हणजे बॅटरी ते स्टार्टर ही जाड केबल आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी दोन्ही निकोप असाव्यात, कारण स्टार्टर शेकडो अँपियर खेचतो आणि कच्चा जोड तिथे लगेच उघडा पडतो. अशा अनेक गाड्यांत अल्टरनेटरची 'बी प्लस' केबल थेट बॅटरीला न जाता स्टार्टरच्या मोठ्या खिळ्यावर, बॅटरीच्या केबलसोबत एकाच नटाखाली बसवलेली असते. आपण मे महिन्यात स्टार्टर उतरवला आणि जूनमध्ये तक्रार सुरू झाली. संबंध नसावा असे आपण लिहिले होते. माझी नजर मात्र त्याच खिळ्यावर आहे. तरीही मोजल्याशिवाय पाना लावू नये.

कळव्याचा वाटसरू

मोजण्याविषयी एक व्यवहार्य सूचना करतो. मी याच मार्गाने प्रवास करतो आणि माझ्या जुन्या पेट्रोल गाडीतला असाच लपंडाव खेळणारा दोष चालत्या गाडीत मीटर ठेवूनच सापडला होता.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचे छोटे व्होल्टमीटर यासाठी उपयोगाचे नाहीत. त्यांना वीज फ्यूजबॉक्समधून आणि बहुधा इग्निशन स्विचमधून मिळते, त्यामुळे वाटेत पडलेले व्होल्टही त्यात मिसळतात. दोन साधे मल्टिमीटर घ्यावेत. पहिल्यासाठी एक बारीक तार अल्टरनेटरच्या 'बी प्लस' खिळ्यापासून आणि दुसरी अल्टरनेटरच्या अंगापासून केबिनमध्ये आणावी. दुसऱ्या मीटरच्या दोन्ही तारा थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरून घ्याव्यात, वरच्या चिमट्यांवरून घेऊ नयेत. नाही तर चिमटा आणि खुंटी यांच्यामधला दोष मोजणीतून निसटेल. प्रत्येक धन तारेत उगमाशेजारीच एक अँपियरचा फ्यूज घालावा, कारण 'बी प्लस' खिळा इंजिन बंद असतानाही जिवंत असतो आणि ती तार बॉडीला घासली तर आग लागू शकते. तारा पंखा, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून दूर बांधाव्यात. तारा जोडण्यापूर्वी बॅटरीची ऋण केबल सोडावी आणि काम झाल्यावर सर्वांत शेवटी लावावी.

मीटरकडे चालकाने पाहू नये. शेजारी बसणाऱ्याने पाहावे आणि लिहून घ्यावे. दोन मीटरांच्या आकड्यांत नुसत्या मीटरमुळेच थोडा फरक असतो, म्हणून आधी दोन्ही एकाच बॅटरीवर लावून तो फरक टिपून ठेवावा.

घोडबंदर ते तुर्भे

सांगितल्याप्रमाणे रविवारी तारा टाकल्या. दोन्ही मीटरांत ०.०२ व्होल्टांचाच फरक आहे. मंगळवारी आणि बुधवारी माझी मुलगी सोबत होती. तिने वहीत वेळ, ठिकाण आणि दोन्ही आकडे लिहिले. ठळक नोंदी देतो.

सकाळी कळवा पुलावर, दिवे बंद असताना, अल्टरनेटरजवळ १४.२ आणि बॅटरीवर १४.० व्होल्ट. मंगळवारी संध्याकाळी ऐरोलीत, दिवे आणि ब्लोअर चालू असताना, १४.३ आणि १३.८. त्या दिवशी लाल दिवा दिसला नाही. बुधवारी पाऊस होता. रबाळ्याजवळ १४.३ आणि १३.६. विटाव्याच्या कोंडीत दिवा मिणमिणू लागला, तेव्हा अल्टरनेटरजवळ १४.४ आणि बॅटरीवर केवळ १२.३. ब्लोअर आणि दिवे क्षणभर बंद केले असता १४.४ आणि १३.१. पुढे एका खड्ड्यात चाक जोरात आदळले आणि त्याच क्षणी दिवा विझला. मुलीने वाचले, १४.३ आणि १३.९.

विटाव्याचा आकडा ऐकला तेव्हा मनावरचे मोठे ओझे उतरले. गेले कित्येक आठवडे गाडी आपल्याशी खोटे बोलते आहे असे वाटत होते. आता तिचे म्हणणे आकड्यांत मिळाले.

चोवीस व्होल्ट

आपल्या मुलीला माझे विशेष अभिनंदन कळवावे. कार्यशाळेत इतक्या नेटक्या नोंदी मी क्वचितच पाहिल्या.

अल्टरनेटर १४.४ व्होल्ट देत होता, म्हणजे तो निर्दोष आहे. वाटेत २.१ व्होल्ट हरवले. निकोप गाडीत भाराखाली दोन्ही वाटांचे मिळून फार तर अर्धा व्होल्ट हरवावा. आयडलिंगवर अल्टरनेटर ३० अँपियर देत होता असे धरले, तर त्या एका जोडात सुमारे ६३ वॅट उष्णता निर्माण होत होती. हाताने वापरायची साधी सोल्डरिंगची कांडी २५ ते ६० वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे तिथे काय चालले असेल याची कल्पना येईल. डिझेलच्या नळ्या आणि वर्षानुवर्षांचे तेलकट मळ यांच्या शेजारी असा तापणारा जोड असणे धोक्याचे आहे. म्हणून दोष सापडेपर्यंत रात्रीचा प्रवास टाळावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

दोष येतो आणि जातो, त्याचेही कारण यातच आहे. जोड तापला की प्रसरण पावतो आणि संपर्क बदलतो. खड्डा बसला की तारेचे धागे पुन्हा कुठेतरी टेकतात.

आता उभ्या गाडीत वाट विभागून मोजा. इंजिन मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवून सर्व भार चालू करा. मीटरचे लाल टोक 'बी प्लस' खिळ्यावर आणि काळे टोक बॅटरीच्या धन खुंटीवर ठेवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट धन वाटेत पडले. तसेच अल्टरनेटरचे अंग आणि ऋण खुंटी यांच्यामध्ये मोजा. त्यानंतर काळे टोक एकेक जोड पुढे-मागे सरकवत जा. दोष दडून बसला असेल तर कोरड्या लाकडी पट्टीने केबल ठिकठिकाणी हलकेच हलवा आणि आकड्यावर लक्ष ठेवा. सैल बाही, ओढणी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा फिरत्या बेल्टजवळ नेऊ नका.

नेरूळ पश्चिम

माझा बेल्टविषयीचा अंदाज चुकला, हे आकड्यांवरून स्पष्ट झाले. एक शंका विचारतो. कार्बन आणि नंतर डायोड प्लेट बदलल्यावर आठवडाभर बरे का वाटले असावे?

चोवीस व्होल्ट

अल्टरनेटर उतरवताना 'बी प्लस' केबल सोडावी आणि ओढावी लागते. त्या हालचालीत दुसऱ्या टोकाचा कच्चा जोड काही काळ नीट बसला असावा. शिवाय दुरुस्तीच्या वेळी बॅटरी बाहेरून भरून दिली जाते, त्यामुळे पुढचे काही दिवस ती कमी अँपियर मागते.

कळव्याचा वाटसरू

मूळ केबल तशीच ठेवून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत एक नवी जाड केबल समांतर टाकली तर चालेल का? अनेक जण तसे करतात.

चोवीस व्होल्ट

चालते, पण आधी जुना दोष दूर केल्यानंतरच. अन्यथा जळकट, सैल झालेला जिवंत जोड इंजिनाशेजारी तसाच लोंबकळत राहील. नवी केबल टाकल्यास तिच्यात बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. तो नसलेल्या केबलीचे आवरण घासले गेले तर बॅटरीचा पूर्ण प्रवाह बॉडीत जाईल आणि त्याला अडवणारे काहीही नसेल.

घोडबंदर ते तुर्भे

दोष सापडला. सविस्तर लिहितो, म्हणजे हा धागा नंतर वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

शनिवारी सकाळी उभ्या गाडीत मोजले. ऋण वाटेत ०.०८ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग उत्तम. धन वाटेत प्रथम ०.४ दिसले. लाकडी पट्टीने केबल अल्टरनेटरजवळ हलवली, आकडा स्थिर राहिला. चासीजवळच्या वळणावर हलवली, तरी स्थिर. स्टार्टरजवळ पट्टी टेकवताच आकडा ०.४ वरून १.७ वर गेला आणि पट्टी काढल्यावरही तिथेच थबकला. बॅटरीची केबल आणि स्टार्टरचा खिळा यांच्यामध्ये जवळजवळ शून्य होते. सगळे व्होल्ट अल्टरनेटरच्या केबलीचे थिंबल (टोकाला दाबून बसवलेले धातूचे कडे) आणि तिच्या तांब्याच्या धाग्यांमध्ये पडत होते.

बॅटरीची ऋण केबल सोडून तो नट उघडला. नट पुरेसा घट्ट होता. त्यामुळे वरून हात लावून पाहणाऱ्याला काहीच कळले नसते. थिंबलच्या मानेशी आवरण तपकिरी आणि कडक झाले होते. ते कापल्यावर आत हिरवट पांढरी भुकटी निघाली आणि बहुतेक धागे तुटलेले होते; जेमतेम सात-आठ धागे धड होते. स्टार्टर बसवताना थिंबल वाकवून उलट्या बाजूने बसवले गेले असावे, कारण मान तिरकी होती आणि केबलीवर सतत ताण होता. ज्यांनी ते काम केले त्यांना मी शांतपणे दाखवले. त्यांनीही चूक मान्य केली.

नवी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना कलई केलेली थिंबले, हायड्रॉलिक यंत्राने दाबलेला जोड आणि वर हीट श्रिंक नळी, एवढेच काम झाले. केबलला वळण थोडे सैल ठेवले आणि इंजिन हलले तरी मानेवर ताण येऊ नये म्हणून एक पकड जवळच बसवली. खर्च साडेआठशे रुपये. त्यानंतर सर्व भार चालू ठेवून धन वाटेत ०.१४ व्होल्ट मिळाले. या आठवड्यात तीन संध्याकाळी विटाव्याच्या कोंडीत थांबलो, बॅटरीवर १३.९ च्या खाली आकडा गेला नाही आणि दिवा पूर्ण विझलेला होता.

शेवटचा एक प्रश्न उरतो. नवी बॅटरी गेले काही महिने अर्धवट भरलेलीच राहिली. तिचे आयुष्य कमी झाले असेल का, आणि आता काही करता येईल का?

चोवीस व्होल्ट

थिंबलची मान हेच ठिकाण निघाले, याचे समाधान वाटले.

बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण थर बसतात, त्यामुळे थोडे नुकसान झालेच असेल. परंतु काही महिन्यांत बॅटरी निकामी झाली असेल असे नाही. ती गाडीतून काढून बाहेरच्या चार्जरवर कमी प्रवाहाने भरावी. ८० अँपियर-तासांची असेल तर आठ अँपियर किंवा त्याहून कमी, रात्रभर, हवेशीर जागेत, विडी-काडीपासून दूर. झाकणे उघडणारी असतील तर आधी पातळी पाहून फक्त शुद्ध पाणी घालावे. आम्ल कधीही घालू नये. मग चोवीस तास काहीही न जोडता ठेवून मोजावे. १२.६ च्या आसपास राहिली तर चिंता नको. १२.४ च्या खाली घसरली तर भाराची चाचणी करून घ्यावी, कारण नुसत्या व्होल्टवरून क्षमता कळत नाही.

गाडीत परत बसवल्यावर इंजिन बंद ठेवून, दरवाजे लावून, ऋण केबलीत अँमीटर घालून निष्क्रिय प्रवाह एकदा पाहावा. आपल्या गाडीत तो ५० मिलिअँपियरच्या आत असायला हवा. डायोड प्लेट नवी आहे, पण नव्या डायोडमधूनही क्वचित उलटी गळती होते, आणि तीही सकाळी बॅटरी उतरवते.

घोडबंदर ते तुर्भे

रात्रभर सहा अँपियरवर भरली. चोवीस तासांनी १२.५८ व्होल्ट. निष्क्रिय प्रवाह १८ मिलिअँपियर. केबिनमधल्या तारा आणखी एक महिना तशाच ठेवणार आहे. मुलीने वहीत ऑगस्टचे पान आखून ठेवले आहे.